माथेरानचा नालबंद

माथेरानास जाऊन आलेल्या माणसाने तेथील कडे, तेथील सूर्यास्त आणि तेथील माकडे यांविषयी लिहावे, असा एक प्रघात पडून गेला आहे. प्रस्तुत लेखकाने तो मोडावयाचा असे काही ठरविले नव्हते. परंतु २०२४ च्या डिसेंबरात, मार्गशीर्षातील थंडीत, चार दिवस तेथे राहून परत आल्यावर मनात जे घर करून राहिले, ते पॅनोरमा पॉइंट नव्हे आणि शार्लोट तलावही नव्हे. एका घोड्याचा पुढचा उजवा पाय, आणि तो पाय दोन्ही गुडघ्यांत धरून वाकलेला एक वृद्ध नालबंद, एवढेच राहिले.

माथेरानची पूर्वपीठिका सांगत बसण्याचे कारण नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा हुडकून काढली, १९०७ साली पीरभॉय घराण्याच्या उद्योगाने नेरळपासूनची छोटी आगगाडी वर पोहोचली, आणि २००३ साली केंद्र सरकारने हा टापू पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, एवढे पुरे. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच, की मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी जावे, अमन लॉजपासून छोट्या गाडीने जावे, हातरिक्षात बसावे, नाही तर घोड्यावर. मोजक्या ई-रिक्षाही आम्ही गेलो तेव्हा सुरू झाल्या होत्या, पण त्यांची रांग पाहूनच छाती दडपे. माणसाने माणसाला ओढून न्यावे हे मला पटत नाही (२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, हे वाचून समाधान वाटले), आणि माझे गुडघे चढण पाहिली की कुरकुर करू लागतात. तेव्हा घोडा ठरला. चार दिवसांचे भाडेही ठरले.

घोड्याचे नाव तुफान. रंग कुमाईत, कपाळावर पांढरा टिळा, वय नऊ वर्षे. नावाप्रमाणे वागण्याची त्याची मुळीच इच्छा दिसेना. तांबड्या मातीच्या वाटेवर तो कसाबसा चाले. पण जेथे वाटेवर पेव्हर ब्लॉक बसविलेले आहेत, तेथे आला की मान खाली घाली, पावले आखडती घेई, आणि दर पाच-पंचवीस पावलांनी उजव्या पुढच्या पायाने ठेच खाई. दोनदा मी त्याच्या मानेवर आदळलो. लगाम धरून चालणारा त्याचा मालक, तिशीतला तरुण, ओशाळून म्हणाला, "आळशी झालाय हो गुरुजी. दिवाळीपासून असाच करतोय." आणि हातातील काठीचा एक हलका फटका त्याने घोड्याच्या मांडीवर मारला.

मी त्याला अडविले नाही. खरे सांगावयाचे तर मलाही ते पटले. पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाच्या तोंडी ‘आळशी’ हा शब्द फार लवकर येतो. एका मुलाला फळ्यावरचे वाचता येत नाही म्हणून वर्षभर मी शेवटच्या बाकावर उभे केले होते. पुढे त्याच्या मामाने त्याला चष्मा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यावयास येण्याची वेळ टळून गेली तरी तुफान आला नाही. मालकाचा निरोप आला, की आज नालबंदचाचा वर आले आहेत, नाल बदलून झाले की घोडा घेऊन येतो. चौकशी करता ते काम बाजाराच्या मागच्या बाजूस एका झाडाखाली चालले आहे असे कळले. नातवंडे पॉइंट पाहावयास गेली होती, वर्तमानपत्र आले नव्हते. मी काठी टेकीत तिकडे गेलो.

झाडाखाली पाच-सहा घोडे बांधलेले होते. एक लहानशी ऐरण, हातोडा, लांब कानस, खिळे उपटावयाची पक्कड, आणि टोकाशी वळलेली एक चिमुकली सुरी, एवढे साहित्य गोणपाटावर मांडून चाचा काम करीत होते. वय सत्तरीच्या आसपास, पाठीस कायमचा बाक आलेला, कमरेला चामड्याचे फडके. बाप मुंबईत रेसच्या तबेल्यांत नाल ठोकी, त्याच्या हाताखाली ते शिकले. पुढे गेटवेपाशी फिरणाऱ्या व्हिक्टोरियांच्या घोड्यांवर त्यांनी बरीच वर्षे पोट भरले. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरविल्या, आणि ते काम आटत गेले. तेव्हापासून नेरळास बिऱ्हाड, आणि ठरल्या दिवशी डोंगरावर फेरी.

येथे एक विषयांतर करतो, ते जुनी खोड म्हणून वाचकांनी क्षमा करावे. ‘नाल’ हा शब्द कानी पडताच संस्कृत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कमळाचा देठ उभा राहतो. परंतु घोड्याच्या नालाचा त्या देठाशी काडीचाही संबंध नाही. हा अरबी ‘नअल’, म्हणजे पादत्राण, आणि त्यापुढचा ‘बंद’ फारसी. मोहरमातील नालसाहेबांत तोच शब्द आहे. आपल्याकडे अश्वविद्या काही कमी नव्हती. शालिहोत्राच्या नावाने ते शास्त्र ओळखले जाते, आणि विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक हे नाव घेऊन राहिलेल्या नकुलाच्या नावावरही अश्वचिकित्सेचा ग्रंथ चालत आला आहे. खुराला शफ म्हणतात आणि घोडा हा एकशफ, हे मी मुलांकडून घोकून घेतले होते. त्या एका शफात काय भरले आहे, हे मात्र त्या झाडाखाली उभा राहीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

तुफानची पाळी आली. चाचांनी आधी त्याच्या पायाला हातही लावला नाही. मालकास त्यांनी घोडा कठीण वाटेवरून सरळ चालवीत नेण्यास आणि परत आणण्यास सांगितले, आणि स्वतः उकिडवे बसून जमिनीलगत पाहत राहिले. मग मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पण बसा इथं. बघा, आधी काय टेकतंय."

मी बसलो. दोन फेऱ्यांनंतर मलाही दिसले. बाकीच्या घोड्यांचे पाऊल सपाट किंवा किंचित टाचेकडून जमिनीस लागत होते. तुफान मात्र पुढचे पाय टोकावर टेकीत होता. पायात काटा रुतलेला माणूस जसा चवड्यावर चालतो, अगदी तसा.

"टाच दुखतेय त्याची," चाचा म्हणाले. "टाच वाचवायला पुढं टेकतो, म्हणून अडखळतो. आळशी नाही."

मालक काही बोलला नाही. मीही नाही.

मग त्यांनी पाय उचलला आणि जुना नाल उपटला. तो किती दिवसांपूर्वी ठोकला होता, या प्रश्नास मालकाने प्रथम "दोन महिने" असे उत्तर दिले, आणि चाचांनी नुसते वर पाहताच "गणपतीच्या आधी" असे सुधारले. म्हणजे सव्वातीन महिने होऊन गेले होते. घोड्याचा खूर हे आपल्या नखासारखेच शिंग आहे. ते महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढते आणि वाढतच राहते. मोकळ्या रानात फिरणाऱ्या जनावराचे ते आपोआप झिजते. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ थांबत नाही. म्हणून सहा आठवड्यांनी, फार तर आठ आठवड्यांनी, नाल काढून खूर तासावाच लागतो. नाल झिजला नाही म्हणून तो बदलावयाचा नाही, हा हिशोब दिसावयास काटकसरीचा आहे. नाल झिजत नसतो तेव्हा त्याच्या वरचा खूर वाकडा होत असतो.

तुफानचे असेच झाले होते. खुराचा पुढचा भाग लांबून नावेच्या टोकासारखा पुढे गेला होता, आणि त्या ओढीने टाचाही आडव्या होऊन पुढे, पोटाखाली सरकल्या होत्या. चाचांनी एक काडी घेऊन पायाच्या खालच्या हाडाच्या उतारावर धरली. निरोगी घोड्यात तीच रेघ तशीच सरळ खुराच्या पुढच्या बाजूवरून जमिनीपर्यंत उतरते. येथे ती केसांच्या कडेपाशी मोडली होती आणि खूर निराळ्याच उताराने पसरला होता. घोडा पाऊल उचलतो तेव्हा खुराच्या टोकावरून उलटतो. टोक जितके लांब, तितका तो उलटण्याचा खटाटोप मोठा, आणि तितका ताण पायाच्या मागून खुरात उतरणाऱ्या कंडरेवर. ही कंडरा आत एका लहानशा नौकेच्या आकाराच्या हाडावरून वळते. दुखणे तेथे भिनले की घोड्याचा जन्म लंगडण्यात जातो. शिवाय पुढचे पाय घोड्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार पेलतात, त्यात पाठीवर माझ्यासारखा सत्तर किलोंचा गृहस्थ.

चाचांनी मोठ्या चिमट्याने खुराचा तळवा जागोजाग दाबून पाहिला. पुढे दाबले, तुफान स्वस्थ होता. टाचेकडे दाबताच त्याने पाय असा हिसकला, की चाचा ऐरणीवर पडता पडता वाचले. मग त्यांनी सांध्याच्या मागे बोट ठेवून नाडी पाहिली, खुरावर तळहात ठेवून ऊब पाहिली. एखाद्या वैद्याने पाहावी त्याहून निराळी ही परीक्षा नव्हती. तळव्याच्या मध्यभागी जी त्रिकोणी, रबरासारखी लवचिक गादी असते तिला नालबंद पुतळी म्हणतात. पाऊल टेकले की ती दबते आणि खुराची मागची बाजू किंचित फाकते. तुफानची पुतळी आक्रसून गेली होती आणि तिच्या फटीत पावसाळ्यातील ओलीची कुजट घाण साचली होती. माथेरानचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

तासणे सुरू झाले. मला वाटले होते, वाकडे दिसते ते सारे एकदम कापून सरळ करतील. तसे होत नाही. तळव्याच्या कडेने एक पांढरट रेघ असते, तिच्या बाहेरचे शिंग निर्जीव आणि आत जिवंत. चाचांनी टोकाकडून ती रेघ दिसेपर्यंत कापले, समोरून कानशीने घासून टोक मागे आणले, आणि टाचांना नावापुरती कानस लावली. "टाच आधीच नाही त्याला. तीच कापली तर उभा कशावर राहील?" एवढ्यावर ते थांबले. बाकीचे वाकडेपण वाढीनेच निघावयाचे.

आता नाल. नेहमीचा नाल मागे उघडा असतो. येथे मागची टोके आडव्या पट्टीने जोडलेला बंद नाल हवा होता, म्हणजे कोसळलेल्या टाचांच्या मागेही भाराला आधार मिळेल. पुढची कड वाटोळी करावयाची, म्हणजे पाऊल लवकर आणि सहज उलटेल. असा नाल पिशवीत तयार नसतो, आणि ती पट्टी जोडावयास नेरळच्या वेल्डिंगवाल्याकडे जावे लागणार होते. माप घ्यावयास कागद हवा होता, तो कोणाकडेच निघेना. शेवटी माझ्या टिपणवहीची दोन पाने फाडून दिली. तुफानचे एकेक पाऊल त्या पानावर ठेवून चाचांनी पेन्सिलीने भोवती रेघ ओढली, आणि घडी घालून पाने छातीच्या खिशात ठेवली.

खरा पेच पुढेच होता. चाचांनी सांगितले, की महिनाभर या घोड्यावर कोणी बसावयाचे नाही. त्यानंतर मऊ मातीवर रोज थोडे रिकामे चालवावे. दर पाच आठवड्यांनी नाल काढून पुन्हा बसवावे. लहान मूल बसवावयाचे तर होळीनंतर, मोठा माणूस पुढच्या पावसाळ्याआधी नाही. टाच नवी यावयास चार-पाच महिने, आणि पुढचा खूर केसांपासून जमिनीपर्यंत नवा यावयास जवळजवळ वर्ष.

तो तरुण ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. नाताळाला आठ दिवस राहिले होते. माथेरानात घोडेवाल्याचे वर्ष म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना. बाकीचे दिवस घोडा खातो आणि माणूस वाट पाहतो. घोडा कर्जाने घेतलेला होता. तो म्हणाला, "चाचा, आता साधा नाल ठोका. नाताळ होऊ द्या. जानेवारीत तुम्ही सांगाल ते करतो."

"मी ठोकणार नाही," चाचा म्हणाले. "दुसऱ्याकडून ठोकून घे. ठोकणारे आहेत." आणि त्यांनी पुढच्या घोड्याचा पाय उचलला.

तो तरुण रागाने तुफानला ओढीत निघून गेला. माझ्या जिभेवर भूतदयेवरचे एक व्याख्यान आले होते, ते मी गिळले. पेन्शन खाणाऱ्याने कोणाला उपाशी राहण्याचा उपदेश करू नये, इतके तारतम्य मला अजून आहे. उरलेल्या तीन दिवसांचे भाडे मी संध्याकाळी त्यास देऊ केले. त्याने ते घेतले. घेऊ नये असे काही कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाचा नाल घेऊन वर आले तेव्हा तो झाडाखाली आधीच येऊन बसला होता. रात्री घरात काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. तुफानच्या अनवाणी पायांखाली त्याने मऊ माती पसरली होती.

नाल बसविणे पाहण्यासारखे असते. खिळे पुढच्या अर्ध्या भागातच मारतात, कारण मागचा भाग पावलागणिक फाकावयास मोकळा हवा. प्रत्येक खिळा त्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरून शिरून खुराच्या भिंतीतून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. केसभर आत गेला तर जिवंत मांसाला लागतो. चाचा हातोड्याच्या आवाजाकडे कान देत होते. कठीण शिंगात शिरणाऱ्या खिळ्याचा नाद एक, मऊ जागी शिरणाऱ्याचा दुसरा. एका खिळ्याचा नाद त्यांना रुचला नाही, तो त्यांनी तत्काळ उपटून टाकला आणि भोक रिकामेच ठेवले. बाहेर आलेली टोके मोडून, वळवून, कानशीने साफ केली. मध्येच एका प्रवासिनीने येऊन काळ्या घोड्याचा जुना नाल आहे का, शनीची अंगठी करावयाची आहे, असे विचारले. चाचांनी तुफानकडे बोट दाखवून सांगितले, "हा तांबडा आहे बाई. याला स्वतःलाच शनी लागलाय."

सर्व झाल्यावर त्यांनी कानशीच्या कोपऱ्याने दोन्ही खुरांवर, केसांच्या कडेखाली अगदी लगत, एक बारीक आडवी खूण केली. मालकास म्हणाले, "ही खाली येताना बघत जा. डॉक्टरला पण दाखव. आत हाड बिघडलं असेल तर माझा नाल काही करणार नाही." नाल खूर बरा करीत नाही, तो नव्या खुरास यावयास जागा करून देतो, एवढेच ते मला जाताना म्हणाले.

२०२५ च्या मे महिन्यात, वैशाखात, पुन्हा जाण्याचा योग आला. घरच्यांनी महाबळेश्वर सुचविले होते, मी माथेरानचा हट्ट धरला, आणि कारण सांगितले नाही. दस्तुरी नाक्यावर त्या तरुणाने मला ओळखले, पण त्याच्या हातात दुसऱ्याच घोड्याचा लगाम होता. नाताळात आणि पुढे चार महिने तो चुलत्याचा घोडा रोजावर हाकीत होता. बायको चिक्कीच्या दुकानात लागली होती. कर्जाचे दोन हप्ते थकले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी जानेवारीत येऊन घोडा पाहिला, दुखण्यावर काही दिवस औषध दिले, आणि नाल आहे तसाच चालू ठेवावयास सांगितले. हे सर्व त्याने चालता चालता, तक्रार न करता आणि फुशारकीही न मारता सांगितले.

तुफान घरामागे सावलीत उभा होता. मी खाली बसलो. म्हणजे बसावयास मला बराच वेळ लागला. खूण शोधली. केसांपासून ती जवळजवळ पावणेदोन इंच खाली आली होती. खुणेच्या वरचा नवा खूर सरळ, पायाच्या उताराला धरून आलेला. खालचा जुना अजून थोडा पसरट. एकाच पाटीवर दोन निराळ्या वयांत काढलेली अक्षरे असावीत, तसे ते दिसत होते. टाच पुष्कळ उभी राहिली होती. गेल्या खेपेस चाचांनी आडवी पट्टी काढून साधा नाल घातला होता, वाटोळी कड तेवढी ठेवली होती. गेल्या पंधरवड्यापासून सकाळच्या वेळी लहान मुलांना घेऊन तो ऑलिंपिया रेसकोर्सच्या मातीवर फेऱ्या मारू लागला होता.

"चालवून दाखवू?" त्याने विचारले. त्याने लगाम धरून घोडा आधी मातीवरून आणि मग ब्लॉकवरून नेला, आणला. मी जमिनीलगत पाहत होतो. मातीवर पाऊल सपाट पडत होते. ब्लॉकवर तो अजून किंचित आखडत होता, एकदा नाल निसटलाही. पण ठेच त्याने खाल्ली नाही.

परतीच्या दिवशी तो तुफानला घेऊन दारात आला. माझी लहान पेटी त्याने खोगिरावर बांधली. "तुम्ही बसायचं नाही हं गुरुजी," तो म्हणाला, "चाचांनी पावसाळ्याआधी नाही म्हणून सांगितलंय." बसावयाचे नव्हतेच. बाजारापासून दस्तुरी नाक्यापर्यंतची वाट बहुतेक उताराची, आणि गुडघ्यांना उतार चढणीहूनही वाईट. दर दोन-तीनशे पावलांवर मी थांबत होतो. मी थांबलो की तुफानही थांबे, आणि त्याचा मालक आमच्या दोघांकडे पाहून पुन्हा लगाम सैल सोडी. नाक्यावर पोहोचावयास आम्हांस दीड तास लागला, आणि मोटारवाला हॉर्न वाजवून थकला होता.